दाजी, पाय तुमच्याकडेच राहिला

दाजी,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी तुमच्याबद्दल चांगलं बोलून घेतलं. पाटबंधारे खात्यातले बोलले, ऑर्केस्ट्रातले बोलले, तुमच्याकडे ड्रम शिकणाऱ्या पोरांचे आईबाप बोलले. माझ्यापर्यंत माईक आला तेव्हा मी हातानंच नको म्हणालो. लोकांना वाटलं, मेहुण्याला हुंदका आला. हुंदका नव्हता. मला राग आला होता आणि भन्तेजींच्या समोर आवाज चढवायचा नव्हता. मला जे बोलायचं होतं ते त्यांच्याशी नव्हतंच, तुमच्याशी होतं. तुम्ही मात्र खुर्चीवर ठेवलेल्या फोटोत हसत बसला होता, समोरच्याचा भाव पडल्यावर माणूस हसतो तसं.

मुद्दा एकच आहे. आपला सौदा झाला होता. त्या सौद्यात माझा पाय तुमच्याकडे होता. तो परत न देता तुम्ही निघून गेलात.

तुम्हाला सोयीस्कर विसरायची सवय होती, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरनं माझं बीपी बघून गोळ्या वाढवल्या. उमरीच्या बैलबाजारात एका माणसाशी माझं वाजलं होतं आणि भांडता भांडता मला चक्कर आली होती. अक्कानं ते ऐकलं आणि मला लातूरला बोलावून घेतलं. जेवताना ती मला बोलत होती आणि तुम्ही ताटातली भाकर मोडत म्हणालात, "याला गोळीनं काय फरक पडत न्हाई. याला लिनियर शिकवतो."

मला वाटलं, योगासनाचा प्रकार असेल.

जेवण झाल्यावर तुम्ही मला पुढच्या खोलीत नेलं. पत्र्याचं छप्पर, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मधे तुमचा ड्रमसेट. पायाच्या पेडलनं वाजणाऱ्या बेस ड्रमच्या कातड्यावर आवाज दबावा म्हणून टाकलेला एक पोपटी टॉवेल. रिटायर झाल्यापासून तुम्हाला मोबाईलवर बाहेरच्या देशातले ड्रमवाले बघायचा नाद लागला होता. त्यातून हे काढलं होतं. "आपण लग्नात वाजवतो तसं हात-पाय एकदम मारायचे न्हाईत," तुम्ही सांगितलंत. "एका वेळी एकच. उजवा हात, मग डावा हात, मग पाय. एक बोलला की बाकीचे गप. कुणी कुणाच्या बोलण्यात तोंड घालायचं न्हाई."

"म्हणजे आमच्या बाजाराच्या उलट," मी म्हणालो.

"म्हणून तर तुला शिकवून राहिलो, दलाल."

मला हयातीत कुणी दलाल म्हटलेलं खपलं नाही. तुमचं तेवढं खपवून घेत आलो.

हात मला लवकर जमले. पाय जमेना. उजवा हात पडला की उजवा पाय त्याच्या मागं पळायचा, जुंपलेल्या जोडीतला एक बैल हलला की दुसरा हलतो तसा. उजवा, डावा, पाय एवढंच वाजवायचं होतं, आणि माझा पाय पहिल्याच ठोक्याला हजर. तुम्ही म्हणालात, हळू घे, म्हशीच्या चालीनं घे. मी हळू घेतलं. तरी पाय पळाला. मी पायाला शिव्या दिल्या. शेवटी घामाघूम होऊन काठ्या खाली ठेवल्या आणि मला जे येतं ते केलं. भाव करायला लागलो.

"दाजी, असं करू. हाताचं मी बघतो, पायाचं तुम्ही बघा. भागीदारी."

"म्हणजे दोन ठोके तुझे, तिसरा माझा?"

"हाव."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग टॉवेलाखाली ये," तुम्ही म्हणालात.

बेस ड्रमवरचा तो टॉवेल तुम्ही ओढला, माझ्या हातावर टाकला आणि आत स्वतःचा हात घातला. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो. वर कापड, खाली दोन माणसांचे हात, बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडानं अवाक्षर नाही. तुम्ही माझी पाचही बोटं एकदम मुठीत धरलीत. पुरा भाव. मग म्हणालात, "आता पाय माझा. परत पाहिजे असला तर असाच कापडाखाली हात घालून मागायचा. तोंडी मागितलेला चालणार न्हाई."

दारात उभी राहून अक्का हसत होती. "दोघं येडे," म्हणाली. मीही हसलो. बाजारात असताना मी कधी न वाचता अंगठा दिला नाही, आणि घरात हसत हसत पाय देऊन बसलो.

त्या टॉवेलावरून तुम्हाला काय आठवलं होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. दोघंही त्याबद्दल बोललो नाही, म्हणून आज बोलतो.

तुमचं नवीन लग्न झालं होतं. मी देगलूरच्या बाजारात दुसऱ्यांच्या जनावरांच्या दोऱ्या धरायचं सोडून स्वतःचा धंदा मांडायला बघत होतो. मला बैलाचं वय दात न बघता चालीवरून कळायचं. हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. मला बाजूला बोलावून बैल दाखवायचे, माझं मत घ्यायचे. पण सौद्याची वेळ आली की कापडाखाली हात घालायला दुसराच कुणीतरी. आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हातात हात द्यायचा नाही म्हणून कुणी स्पष्ट बोलत नव्हतं. नुसता हात मागं घ्यायचे. मी घरी येऊन आईवर ओरडायचो. अक्कानं ते तुम्हाला सांगितलं असणार.

पुढच्या बाजाराला तुम्ही आलात. इस्त्रीची पँट, खिशाला पेन, पायात बूट, शेणातून वाट काढत. भर गर्दीत माझ्यासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "उत्तमराव, तो ढवळा बैल घ्यायचाय. भाव बोला." आणि खिशातून हातरुमाल काढलात. एवढासा रुमाल, कडेला निळी रेघ. तो आपल्या हातांवर पुरेना. दोघांची मनगटं बाहेर, बोटं बाहेर, सगळा बाजार बघून राहिला. बैल बांधायला तुमच्याकडे खुंटासुद्धा नव्हता, तुम्ही विष्णुपुरीला सरकारी खोलीत राहत होता. त्या रुमालाखाली तुम्ही एकही आकडा सांगितला नाही. नुसता हात धरून उभे राहिलात, लोकांनी पुरेसं बघेपर्यंत. मग मोठ्यानं म्हणालात, "परवडत न्हाई," आणि निघून गेलात.

त्याच दिवशी दुपारी पहिल्या माणसानं माझ्या हातावर उपरणं टाकलं.

याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानायला पाहिजे होते असंही मला वाटत नाही. ज्याचे आभार मानले तो हिशेब मिटतो, आणि हा मला मिटवायचा नव्हता. पण दाजी, असा हात धरणाऱ्या माणसानं स्वतःची तब्येत माझ्यापासून लपवावी, याला काय म्हणायचं?

रविवारी मी लातूरला यायचो. एरवी नांदेडहून फोनवर. घराच्या मागच्या पडवीत प्लास्टिकच्या स्टुलावर तागाचं पोतं घडी करून ठेवलेलं, त्यावर मी काठ्या मारायचो. फोन खिडकीत, स्पीकरवर. उजवा, डावा, आणि तिसऱ्या जागी मी थांबायचो. तिकडून लातूरहून तुमचा पाय यायचा. धप्प. मग परत उजवा, डावा, धप्प. आमच्या हिनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, "फोनमधून कोण दार वाजवतंय?" महिने गेले, दोनाचे चार ठोके झाले, चाराचे सहा झाले, उलटसुलट रचना झाल्या. प्रत्येकीत पायाची जागा मी मोकळी सोडायचो आणि तुम्ही भरायचात. आता विचार केला की कळतं, मी ड्रम शिकतच नव्हतो. मी भोक असलेला ड्रम शिकत होतो.

दिवाळीनंतर तुमचा पाय उशिरा यायला लागला.

जास्त नाही. तांदूळभर. पण सगळी हयात मी जनावराच्या चालीत एवढासा फरक ऐकून भाव पाडत आलोय. सुरुवातीला फोनला दोष दिला. मग लातूरला समोर बसलो तरी तेच. मी बोललो तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी वेळेवर हाय. तू घाई करून राहिलास."

"दाजी, तुमचा पाय लंगडतोय."

"तुझे हात पळून राहिलेत. तुला तिसऱ्याची वाटच बघवत न्हाई. बोलताना तसंच, वाजवताना तसंच."

शेवटच्या रविवारी हे भांडण वाढलं. मी काठ्या आपटल्या. तुम्ही शांत बसून होता, त्यानं मला जास्त राग आला. मी म्हणालो, "मोबाईलवर तालाची टिकटिक लावा, दूध का दूध होऊन जाईल." तुम्ही म्हणालात, "पुढच्या खेपेला लावू." पायात जाड मोजा होता. भर गरमीत. मी विचारलं, तर म्हणालात, "पेडल थंड लागतंय." बैलाच्या खुराला सूज असली तर मला लांबून दिसते, आणि तुमच्या मोज्याची शिवण ताणलेली मला दिसली नाही. कारण तुम्ही मला बघू दिली नाही. मी आलो की तुम्ही आधीच ड्रमवर बसलेले असायचात आणि मी गेल्यावर उठायचात. हृदय थकलं की पाणी पायात उतरतं, हे डॉक्टरनं तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही अक्काला सांगितलं होतं आणि अक्काला शपथ घातली होती. "उत्तम ओरडतो," म्हणालात म्हणे. ओरडलोच असतो. ओरडून तुम्हाला हैदराबादला नेलं असतं.

पुढची खेप आली नाही. सकाळी चहा मागितलात आणि चहा येईपर्यंत गेलात.

आता ज्याच्यासाठी हे लिहितोय ते.

तुम्हाला पोचवून मी नांदेडला आलो. दुपार होती, ही माहेरी गेलेली, घर बंद. मी पडवीत गेलो. स्टूल जिथल्या तिथं होतं, पोतं होतं. फोन मी नेहमीसारखा खिडकीत ठेवला, का ठेवला ते विचारू नका. लावला नव्हता. त्याची काच काळी होती. मी बसलो आणि उजवा, डावा मारला आणि थांबलो.

धप्प.

तांदूळभर उशिरा.

मी घाबरलो नाही, हे तुम्हाला सांगून ठेवतो. मी चिडलो. जनावर तपासावं तसा तो आवाज तपासला. शेजारची मोटर बंद होती. पत्रा हलत नव्हता, वारं नव्हतंच. पोतं उचलून आपटलं, त्याचा आवाज वेगळा. स्टूल उलटं करून बघितलं. खिडकीतला फोन उचलून कानाला लावला, तर आत काही नाही, फोन बंदच होता. परत बसलो. नुसता उजवा मारला आणि थांबलो, काही आलं नाही. उजवा, डावा मारला आणि थांबलो. धप्प. आवाज कुठल्या बाजूनं येतो म्हणून मान फिरवली. तो कुठल्याच बाजूनं येत नव्हता. मी जी जागा मोकळी सोडली होती, तिथूनच येत होता.

दाजी, तुम्हीच म्हणायचात ना? मी कुठं काही शिल्लक राहत असेल म्हटलं की तुम्ही मला उडवून लावायचात. "टाकी संपली की इंजिन बंद. आवाज कुठं गेला म्हणून कोण शोधायला जातं का? येड्यासारखं बोलू नको. आपल्याला हे मानायचं न्हाई म्हणून आपल्या बापजाद्यांनी एवढं केलं." मीही मानत नाही. कुणाच्या अंगात आलं तर मी त्याला पाणी मारणारा माणूस. मग आता हे काय आहे ते तुम्हीच सांगा.

मी कुणाला बोललो नाही. तुमच्या कार्यक्रमासाठी लातूरला आलो, भाषणं झाली, जेवणं झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. लातुरात नळ येणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगू नये. अख्खी गल्ली घागरी, बादल्या, पाईप घेऊन धावते, आणि अक्का तर तुमच्या लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा आधी टाकी भरायची. मी अंगणातून बघतो तर नळ मोकळा वाहून राहिला, पाणी पायरीवरून रस्त्यावर चाललंय. शेजारीण ओरडतेय, "अहो, अक्का कुठं हायती?"

अक्का पुढच्या खोलीत होती. ड्रमसमोर लोखंडी खुर्चीवर पांढऱ्या साडीत बसलेली. खुर्चीच्या दांड्यावर बोटानं दोनदा टकटक करायची आणि मान तिरकी करून थांबायची. परत टकटक, परत थांबायची. तोंडावर असं काही होतं की मला दारातून आत जाववेना. तुम्ही ऑर्केस्ट्राच्या दौऱ्यावरून यायचात तेव्हा फाटकाची कडी वाजायची वाट बघताना तिचं तोंड असं व्हायचं.

"अक्का, नळ आलाय."

"गप. ऐक."

टकटक.

धप्प.

बेस ड्रमला पेडलच नव्हतं. पाहुण्यांची पोरं लाथा मारत होती म्हणून आदल्या दिवशी मीच ते काढून कपाटावर टाकलं होतं. तिथंच होतं, मला दिसत होतं.

"तुला आलं ऐकू?" अक्कानं विचारलं.

मी कपाटावरच्या पेडलकडे बघत राहिलो.

"तुझं तोंडच सांगतंय. मी भूतबित मानत न्हाई, उत्तम. पण आलं ते आलं. तू नांदेडला गेल्यापास्नं येतंय. रोज." तिनं परत दांड्यावर बोट ठेवलं. "चूल पेटवायला गेलं की थांबतं. म्हणून मी जात न्हाई."

तेव्हा मला समजलं. गंजात कालच्याच चहाचं पाणी होतं. कार्यक्रमाच्या जेवणातलं पहिलं ताट तिच्यासाठी वाढलं होतं, ते झाकलेलंच होतं. तिच्या मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. दाजी, तुमच्यावर माझा लई जीव होता, पण त्या क्षणाला तुम्ही समोर असतात तर मी तुमची कॉलर धरली असती. माझ्याशी काय खेळायचं ते खेळा. तिला कशाला बसवून ठेवलंत?

मी टाकी भरली. मग कपाटावरून पेडल काढलं आणि ड्रमजवळ खाली बसलो.

"काय करून राहिलास?"

"पेडल बसवतो. पायाचं मी बघतो आता."

अक्का अशी उठली की खुर्ची पडली. "बसवू नको."

"अक्का, तू जेवत न्हाईस. पाणी भरत न्हाईस."

"तुला पाय येत न्हाई ना? तेच बरं हाय. जागा मोकळी राहू दे. तू भरलीस तर ते कुठं येतील?" ती माझा हात धरून ओढत होती. तिच्या हातात जोर नव्हता. "लहानपणापास्नं तुला दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देता येत न्हाई. आता एवढं तरी होऊ दे."

माझ्याशी भाव करून आजपर्यंत कुणी जिंकलं नाही. पण मी पेडल खाली ठेवलं. मी म्हणालो, "ठीक हाय. जबरदस्तीनं न्हाई घेत. सौदा ज्यांच्याशी झाला त्यांच्याकडंच मागतो."

बेस ड्रमवर तुमचा पोपटी टॉवेल तसाच होता. त्याच्याखाली मी हात घातला आणि कातड्यावर तळहात उघडा ठेवला. बाजारात उघडा तळहात म्हणजे, माल परत. कातडं थंड होतं. मी वाट बघितली. तुम्ही म्हणता ते मला येत नाही, वाट बघणं, पण बघितली. बाहेर शेजारणीचा नळ बंद झाला. छपराचा पत्रा तापून कडकडला. हाताखाली काही हललं नाही. मनात म्हणालो, दाजी, तिच्यासाठी द्या. माझा राग राहू दे माझ्याकडं. काही नाही. शेवटी मी चिडून हात बाहेर काढला.

हात बाहेर आला, आणि मग टॉवेल आतून उचलल्यासारखा हलला. एकदाच. उशिरा.

अक्कानं ते बघितलं. ती हळूच खाली बसली आणि म्हणाली, "बसव."

मी पेडल बसवलं, पाय ठेवला. उजवा, डावा मारला, आणि तिसऱ्या जागी माझा पाय दाबला. माझा, मी सांगतो ना, मला लोखंड तळव्याला लागलं. आवाज एकच आला, आणि तांदूळभर उशिरा आला. परत मारलं, परत उशिरा. मी ऐकत राहिलो. पाय माझा होता आणि तुमच्यासारखाच लंगडत होता.

अक्का डोळे मिटून ऐकत होती. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"घाई तूच करून राहिलास," ती म्हणाली. "ते बरोबर बोलत होते. तुझे हात पळून राहिलेत."

मी टिकटिक लावणार होतो. नाही लावली. हे भांडण मी अजून हरलेलो नाही. तुमच्या पायाला सूज होती, हेही खरं आहे. पण अक्का उठली. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्हणजे पाय आता तुझाच हाय. जा, वाजव हळू. मी भात टाकते." तिनं आत जाऊन तांदूळ निवडायला घेतले, त्या सुपाचा आवाज मला ऐकू येत होता. ती मधे थांबली नाही, बोटानं टकटक केलं नाही.

मी हळू घेतलं. म्हशीच्या चालीनं. आयुष्यात पहिल्यांदा इतकं हळू की दोन ठोक्यांच्या मधे मला माझा श्वास ऐकू आला. उजवा. डावा. आणि तिसरा आला, दाजी, अगदी जागेवर, केसाइतकाही इकडंतिकडं नाही. भरदार, गोल, तुम्ही चांगले होता तेव्हा यायचा तसा.

मी पायाकडे बघितलं. तो अजून पेडलवर उचललेलाच होता. मी दाबला नव्हता.

आतून अक्कानं विचारलं, "आता बरोबर पडला. तुझाच ना रे?"

"हाव," मी म्हणालो. "माझाच."

आणि परत उजवा मारला.